समुद्राच्या तळावर दोन दिवस
(हॉलंडांत शिकणाऱ्या एका शेतकरी-पुत्राकडून)

शिक्षणाकरितां परदेशीं गेलेला विद्यार्थी सुटीच्या दिवशीं काय पाहतो, असें कोणी विचारल्यास उत्तरें बहुधा ठराविक मिळतील: मोठीं शहरें, राजवाडे, चित्रशाळा, फुलांच्या बागा, आणि या सर्वांपुढें उभें राहून काढलेलीं छायाचित्रें. मींहि यांतलें पुष्कळ केलें आहे. तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु आपल्या मासिकाच्या वाचकांपुढें त्या गोष्टी मांडण्याचें प्रयोजन नाहीं. शेतकऱ्यानें शेतकऱ्यास सांगावें असें जें मीं पाहिलें, तें गेल्या एप्रिलांतल्या एका शनिवार-रविवारच्या सहलींत पाहिलें. त्या दोन दिवसांनीं आमच्या घरांतील एक निकडीचा प्रश्न मला निराळ्या बाजूनें पाहावयास लावला, म्हणून हा लेख.

मी वागेनिंगेन येथें शिकतों. हा लहानसा गांव ऱ्हाईन नदीच्या कांठीं आहे. येथें १८७६ सालीं सरकारी शेतकी शाळा निघाली, १९१८ सालीं तिला उच्च विद्यालयाचा दर्जा मिळाला, आणि आज जगाच्या सर्व भागांतून विद्यार्थी येथें शेतकी शिकण्यास येतात. आमचें घर रायगड जिल्ह्यांत, पेण तालुक्यांत, खाडीच्या कांठीं आहे. देशावरील वाचकांना खार जमीन म्हणजे काय हें कदाचित् ठाऊक नसेल. भरतीचें पाणी जेथवर चढतें तेथें मातीचा बांध घालून आंतली जमीन भाताखालीं आणावयाची, पावसाचें पाणी बाहेर जाण्यास बांधांत उघाडी ठेवावयाची, ओहोटीला ती उघडावयाची आणि भरतीला बंद करावयाची, असा हा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला प्रकार आहे. बांध शाबूत तोंवर जमीन आपली. बांध फुटला कीं ती समुद्राची.

आमच्या बांधाआड चौदा खातेदारांचीं खाचरें आहेत. त्यांपैकीं तीन एकर आमचीं. सहलीच्या दोन पावसाळ्यांपूर्वीं एका अमावास्येच्या उधाणाला बांधाला खांड पडली. पहिल्या दिवशीं ती दोन हात रुंद होती. चार माणसांनीं पेंढा आणि माती घेऊन ओहोटीच्या वेळांत ती बुजविली असती. परंतु चौदांतल्या प्रत्येकानें उरलेल्या तेरांची वाट पाहिली. अर्ज झाले, पाहणी झाली, पुन्हां अर्ज झाले. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत खांड वीस हातांची झाली आणि खाचरांत तिवरांचीं रोपें दिसूं लागलीं. खार जमिनीच्या मालकाला या रोपांचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाहीं. कांदळवन तोडण्यास आज बंदी आहे. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं ती राज्यभर कायम केली. किनाऱ्याचें रक्षण करणारीं झाडें राखलीं पाहिजेत याबद्दल माझें दुमत नाहीं. पण त्यामुळें खांड वेळींच बुजविणें हा एकच मार्ग आपल्या हातीं राहतो.

सहलीच्या आधल्या गुरुवारीं बाबांचा फोन आला. जमिनीला गिऱ्हाईक आलें होतें. "खारें पाणी शिरलेल्या जमिनीला एवढी किंमत पुन्हां कोण देणार?" ते म्हणाले. "तुझ्या शिक्षणाचें कर्ज एका दमांत फिटेल. वैशाखाच्या अखेरीस उत्तर द्यायचें कबूल केलें आहे. तूं शिकलेला आहेस, तूं सांग." मीं विचार करून सांगतों म्हटलें आणि फोन ठेवला. आजोबांनीं डोक्यावरून माती वाहून राखलेली जमीन माझ्या फीसाठीं जाणार, आणि मी शनिवारीं सहलीला जाणार, हें मनाला पटेना. मी येत नाहीं असें सोबत्यांना कळविलें. तेव्हां आमचा डच सहाध्यायी म्हणाला, "आपण माझ्या मामाच्या शेतावर जात आहोंत. तें शेत समुद्राच्या तळावर आहे. तूं तर आलेंच पाहिजेस."

आम्ही चौघे निघालों. हा डच मित्र, व्हिएतनामांतील मेकाँग नदीच्या मुखाकडचा एक मित्र, इथिओपियाच्या पठारावरील एक सहाध्यायिनी, आणि मी. वागेनिंगेनला आगगाडीचें स्थानक नाहीं. एडेपर्यंत बस, तेथून आगगाडीनें झ्वोले शहर, आणि पुढें पुन्हां बस. भाकरीऐवजीं पाव आणि चटणीऐवजीं चीज घेतलें, एवढाच काय तो आपल्याकडील जत्रेच्या प्रवासाहून फरक. मीं आदल्या रात्रीं थालिपिठें केलीं होतीं. तीं झ्वोले येण्यापूर्वींच संपलीं.

वाटेंत मित्रानें जो इतिहास सांगितला तो थोडक्यांत असा. या देशाच्या पोटांत उत्तरेकडून शिरलेला एक उथळ समुद्र होता. त्याला झाउडरझे, म्हणजे दक्षिण समुद्र, म्हणत. मध्ययुगांतल्या मोठमोठ्या पुरांनीं जमीन खाऊन तो तयार झाला, आणि पुढेंहि दर कांहीं वर्षांनीं कांठचीं गांवें बुडवीत राहिला. कोर्नेलिस लेली नांवाच्या स्थापत्यशास्त्रज्ञानें १८९१ सालीं त्याचें तोंड बांध घालून बंद करण्याची योजना मांडली. खर्चाच्या भीतीनें ती कागदावरच राहिली. जानेवारी १९१६ मध्यें वादळानें बांध फोडले, आणि मग १९१८ सालीं कायदा झाला. त्या वेळीं लेली स्वतः मंत्री होते. समुद्राचें तोंड २८ मे १९३२ रोजीं बंद झालें. तें पाहण्यास लेली राहिले नव्हते, १९२९ सालीं ते वारले. आंतल्या भागांत टप्प्याटप्प्यानें पोल्डर, म्हणजे सभोंवतीं बांध घालून आंतलें पाणी उपसून कोरडी केलेली जमीन, तयार होत गेली. १९३० सालीं पहिला मोठा पोल्डर, १९४२ सालीं ईशान्य पोल्डर, आणि १९५७ व १९६८ सालीं फ्लेवोलँडचे दोन. सर्व मिळून सुमारें चार लाख एकर जमीन समुद्राच्या तळांतून वर आली. यांपैकीं ईशान्य पोल्डर सुमारें १ लाख २० हजार एकरांचा आहे, आणि आमचें जाणें तेथेंच होतें.

पोल्डरांत शिरल्यावर प्रथम जाणवतो तो सपाटपणा. टेकडी नाहीं, उंचवटा नाहीं; रस्ते आणि कालवे दोरी धरून आंखल्यासारखे. मामांच्या घरीं सामान टाकून आम्ही चार सायकली घेतल्या आणि स्कॉकलंड पाहण्यास निघालों. वारा समोरून होता. डोंगर नसलेल्या देशांत वारा हाच घाट असतो, हें त्या दिवशीं मांड्यांना कळलें. कडेला ट्यूलिपचीं शेतें लाल, पिवळीं, जांभळीं पसरलीं होतीं. एका शेतांत यंत्र फिरत होतें आणि तें फुललेलीं फुलें छाटून जमिनीवर टाकीत होतें. आमच्या इथिओपियाच्या सहाध्यायिनीनें सायकल थांबवून "हा कसला वेडेपणा!" असें विचारलें. डच मित्र हंसला. येथें विकावयाचे असतात ते कांदे, फुलें नव्हेत. फूल छाटलें म्हणजे झाडाची शक्ति कांद्यांत उतरते. लोक फुलांचीं चित्रें काढून नेतात, शेतकऱ्याचें लक्ष जमिनीखालीं असतें.

स्कॉकलंड हें पूर्वीं बेट होतें. आज तें शेतांच्या मधून गेलेल्या एका बुटक्या धारेसारखें दिसतें. त्यावर १८३४ सालीं बांधलेलें एक लहान चर्च आणि कांहीं घरें आहेत. बेटाला समुद्र कुरतडीत होता. लांकडी खुंटांच्या भिंती उभारून लोक कसेबसे तग धरीत. शेवटीं १८५९ सालीं राजाज्ञेनें सुमारें साडेसहाशें माणसांना बेट सोडावें लागलें. पुढें त्र्याऐंशीं वर्षांनीं सभोंवतालचा समुद्रच गेला, आणि बेट जमिनींत उभें राहिलें. १९९५ सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली. उत्तर टोंकाला जुनें बंदर आहे. धक्का आहे, नांगरण्याची जागा आहे, आणि पाणी असावें तेथें गवत आहे. त्या धक्क्यावर बसून आम्ही पाव खाल्ला. आमच्या मेकाँगच्या मित्रानें बराच वेळ कांहीं भाषण केलें नाहीं. मग म्हणाला, "आमच्याकडे हें उलट चाललें आहे. उन्हाळ्यांत नदी दुबळी झाली कीं खारें पाणी दर वर्षीं अधिक आंत येतें." मीं त्याला आमची खांड सांगितली. धरणें आणि बांध यांवर वर्गांत आम्ही पुष्कळ बोललों होतों. घरची गोष्ट प्रथमच निघाली.

येथें एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. हें बेट आज हळूहळू खचत आहे. खालचा थर कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा आहे. पाणी काढून घेतलें कीं अशी माती आकसते आणि हवेनें झिजते. म्हणून बेटाच्या एका बाजूस शेतें सोडून देऊन पाण्याची पातळी मुद्दाम वर ठेवली आहे. देशाच्या पश्चिम भागांतहि हीच अडचण आहे: जमीन कोरडी ठेवावी तर खचते, खचली कीं आणखी उपसा करावा लागतो. तेव्हां हॉलंडनें समुद्र जिंकला असें जें आपण वाचतों त्यावर सरळ विश्वास ठेवूं नये. त्यांनीं समुद्राशीं करार केला आहे, आणि त्या कराराचें भाडें दररोज भरावें लागतें. ईशान्य पोल्डराच्या कडेला उर्क, लेमर आणि फोलेनहोव येथें तीन मोठीं उपसा केंद्रें आहेत. तीं बंद पडलीं तर पोल्डर पुन्हां सरोवर होईल.

सायंकाळीं मामांनीं शेत दाखविलें. तीनशें मीटर रुंद आणि आठशें मीटर लांब, म्हणजे सुमारें साठ एकरांचा एक सलग तुकडा. पोल्डर आंखला तेव्हां ठरविलेलें हें मूळ माप. पुढच्या टोंकाला रस्ता, मागच्या टोंकाला चर. बियाण्याचे बटाटे, कांदा, साखरेचें बीट, गहूं, आणि कांहीं भाग ट्यूलिपसाठीं खंडानें दिलेला. बटाटा एका तुकड्यांत चार वर्षांतून एकदांच. मामांनीं मला चराच्या कडेला नेलें, खालीं वांकून गवत बाजूला सारलें आणि एका नळीचें तोंड दाखविलें. त्यांतून पाणी ठिबकत होतें. सुमारें मीटरभर खोलीवर अशा नळ्या संपूर्ण शेताखालून गेल्या आहेत. जुन्या भाजलेल्या मातीच्या होत्या, आतां नव्या प्लास्टिकच्या आहेत. "शेत वरून कितीहि सुंदर दिसो," मामा म्हणाले, "मी वर्षांतून एकदां तरी हीं सर्व तोंडें पाहतों. एक तोंड बुजलें कीं तेवढी पट्टी पिवळी पडते."

जेवणाला बटाटा आणि पालेभाजी एकत्र कुसकरून केलेला भाताच्या मुदीसारखा ढीग आणि वर वाटाण्याची दाट आमटी होती. जेवतांना मामांनीं आपल्या वडिलांची हकीकत सांगितली, आणि तेथें माझे कान टवकारले. त्यांचें घराणें मूळचें पोल्डरांतलें नव्हे. देशाच्या नैर्ऋत्येकडील वाल्खरन बेटांतलें. दुसऱ्या महायुद्धांत, ऑक्टोबर १९४४ मध्यें, शत्रूला हुसकण्यासाठीं दोस्तांच्या विमानांनीं त्या बेटाचे समुद्रबांध फोडले. बेटाच्या मोठ्या भागांत वर्षभराहून अधिक काळ भरती-ओहोटी चालू राहिली. शेवटचें भगदाड १९४६ च्या प्रारंभीं बुजलें. पाणी गेल्यावर शेतांत मीठ, गाळ आणि मेलेलीं झाडें उरलीं.

"मग तुमच्या वडिलांनीं प्रथम काय केलें?" मीं विचारलें.

"प्रथम कांहीं केलें नाहीं. हेंच सर्वांत अवघड होतें."

त्याचें कारण त्यांनीं समजावून सांगितलें. समुद्राच्या पाण्यांतलें मीठ पावसानें धुवून जातें, पण चिकणमातीला चिकटलेला सोडियम मागें राहतो. अशा मातीवर गोडें पाणी पडलें कीं ती फुगते, तिचे कण सुटे होतात, लगद्यासारखी होते आणि वाळल्यावर दगड बनते. ओलींत नांगर घातला तर कित्येक वर्षांचें नुकसान. म्हणून तेथें आधीं चर मोकळे केले, मग जिप्सम टाकला. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम पावसाबरोबर चरांतून निघून जातो. चर बंद असतील तर जिप्सम टाकणें म्हणजे पैसे चिखलांत टाकणें. आधीं मिठाला सोसणारीं पिकें, मग हळूहळू बाकीचीं. आपल्या खार जमिनीला जिप्सम लागेलच असें नाहीं. तें माती तपासूनच ठरवावें. पण निचरा आधीं आणि औषध मागून, हा क्रम सर्वत्र सारखाच आहे.

पुढें त्या बेटांतील जमिनींची नव्यानें आंखणी झाली आणि कांहीं कुटुंबांना या नव्या पोल्डरांत शेतें देऊं केलीं गेलीं. तीं सहज मिळत नसत. सरकारी माणसें घरीं येऊन शेतकऱ्याचें काम, हिशेब आणि गृहिणीचें घरसुद्धां पाहून जात. मामांची आई त्या दिवशीं कपाटेंदेखील लावून बसली होती. ज्यांच्याजवळ भांडवल आणि अनुभव होता तेच निवडले गेले, आणि ज्या मजुरांनीं चिखलांत उभें राहून चर खणले त्यांतील बहुतेकांना शेत मिळालें नाहीं, हेंहि मामांनीं आपण होऊन सांगितलें. त्याचप्रमाणें समुद्र बंद झाल्यावर मासेमाऱ्यांचा हेरिंगचा धंदा बुडाला. त्यांना मदत देण्यासाठीं १९२५ सालींच कायदा करावा लागला होता. कोणत्याहि बांधाच्या आंत आणि बाहेर माणसें असतात.

मग मामांनीं एक कागद आणून टेबलावर ठेवला. तें पाणीमंडळाच्या कराचें देयक होतें. हीं मंडळें या देशांत तेराव्या शतकापासून आहेत. आज तीं एकवीस आहेत. त्यांची निवडणूक निराळी, कर निराळा, आणि काम एकच: बांध, कालवे आणि पाण्याची पातळी. घर असो वा शेत, ज्याला बांधाचा लाभ त्यानें वर्गणी दिलीच पाहिजे. "मोठा बांध सरकारचा," मामा म्हणाले, "पण माझ्या कडेचा चर माझा. शरद ऋतूंत पाहणी होते. चर साफ नसेल तर मंडळ तो साफ करून घेतें आणि खर्च माझ्याकडून वसूल करतें. मी इतर करांवर कुरकुरतों, यावर नाहीं." जुन्या काळीं कायदा आणखी कडक होता. बांधाचा आपला वांटा ज्याला राखवेना, त्यानें आपली कुदळ त्या बांधांत रोवून जमीन सोडून जावयाचें. जो ती कुदळ उपटील त्यानें जमीनहि घ्यावयाची आणि बांधाचा भारहि. माझ्या मनांत आलें, आमच्या बांधावर चौदा कुदळी रोवलेल्या आहेत, आणि उपटण्यास एक खरेदीदार आला आहे.

अशी व्यवस्था आपल्याला परकी आहे असें मात्र समजूं नये. धुळ्याकडे पांझरा नदीवर फड पद्धतींत शेतकऱ्यांनींच बंधारे राखले, पाटकरी नेमले, पाण्याच्या पाळ्या आणि फडांतलीं पिकें एकविचारानें ठरविलीं. कोंकणांतले जुने खारबांधहि गांवकीनेंच उभे राहिले. आपण ही रीत शिकावयाची नसून आठवावयाची आहे.

रविवारीं सकाळीं सात वाजतां मीं घरीं फोन केला. तेव्हां आपल्याकडे साडेदहा झाले होते. मीं आदल्या रात्रीचें सर्व बाबांना सांगितलें. ते शांतपणें ऐकत होते. मग म्हणाले, "तिकडे सरकार बांध बांधतें. येथें चौदाजण एका जागीं बसत नाहींत."

मीं म्हटलें, "बाबा, ते मातीवर मीठ गेल्यावर दोन-तीन वर्षें पावसाची वाट पाहत बसले. त्यांच्याकडे वर्षाला आठशें मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे तीन हजारांच्या आसपास पडतो, आणि तोहि चार महिन्यांत. धुण्यास आपल्याला पाणी विकत आणावयाचें नाहीं. फक्त भरती आंत येतां कामा नये आणि पाऊस बाहेर गेला पाहिजे. खांड आणि उघाडी, एवढेंच काम आहे."

"आणि कर्ज?"

"कर्ज माझ्या नांवावर आहे. नोकरी लागल्यावर मी फेडीन. जमीन माझ्यासाठीं विकूं नका. तुम्हांला ती नको असेल तर विका."

बराच वेळ तिकडून शब्द आला नाहीं. नंतर ते म्हणाले, "नको असेल असें मीं कोठें म्हटलें?"

त्या दिवशीं मामांची मोटार घेऊन आम्ही समुद्राचा मोठा बांध पाहण्यास गेलों. लेमरवरून उत्तरेकडे तासाभराचा रस्ता. हा बांध सुमारें वीस मैल लांब आहे. त्यावरून हमरस्ता जातो, एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला सरोवर. आमच्या इथिओपियाच्या सहाध्यायिनीनें समुद्र पूर्वीं जवळून पाहिला नव्हता. तिनें उतरून एकीकडच्या पाण्यांत बोट बुडवून जिभेला लावलें, रस्त्यावरच्या पुलावरून पलीकडे जाऊन दुसरीकडे तसेंच केलें, आणि दोन्ही हात पसरून हंसली. एकीकडे खारें, एकीकडे गोडें. बांध बंद झाल्यावर नद्यांच्या पाण्यानें आंतला समुद्र थोड्याच वर्षांत गोडा झाला.

बांध कशाचा केला तें ऐकून मला अधिक आश्चर्य वाटलें. समुद्राच्या तळांतून उपसलेली हिमयुगांतील घट्ट चिकणमाती, वाळू, विलोच्या फांद्या विणून केलेल्या प्रचंड चटया आणि त्यांवर दगड. चटई तळाशीं बुडविली कीं प्रवाह खालची माती ओढूं शकत नाहीं. आपला पेंढा आणि काट्यांचा भराव याच जातीचा आहे. पण माती टाकण्यापूर्वीं आठ वर्षें हिशेब चालला होता. नोबेल पारितोषिक मिळालेले पदार्थविज्ञानी हेन्ड्रिक लॉरेंट्स यांच्या अध्यक्षतेखालीं १९१८ ते १९२६ पर्यंत एका समितीनें, समुद्राचें तोंड बंद केल्यावर बाहेरची भरती किती चढेल, याचें गणित केलें आणि त्याप्रमाणें बांधाची दिशा व उंची ठरली. बांधांत दोन ठिकाणीं मिळून पंचवीस पाणदारें आहेत. समुद्र ओहोटीनें खालीं गेला कीं तीं उघडतात आणि सरोवराचें जास्तीचें पाणी आपोआप बाहेर जातें. भरतीला बंद होतात. मी त्या दारांकडे पाहत उभा राहिलों. ही आमची उघाडीच होती. आकारानें शंभरपट, पण अक्कल तीच. आतां समुद्राची पातळी वाढत चालल्यामुळें केवळ ओहोटीवर विसंबून भागणार नाहीं, म्हणून पंपहि बसविले जात आहेत आणि २०१९ पासून सर्व बांधाची मजबुती चालू आहे. नव्वद वर्षें टिकलेल्या बांधालाहि हे लोक पुरा झाला असें मानीत नाहींत.

सायंकाळीं हीरेनवेन येथें आगगाडी धरून रात्रीं आम्ही वागेनिंगेनला परतलों. सहल संपली.

पुढें काय झालें तें वाचकांना सांगितलें पाहिजे. बाबांनीं बैठक बोलाविली. चौदांपैकीं नऊ आले. दोघांनीं आधींच जमिनी विकल्या होत्या, तिघांना रस नव्हता. नऊजणांनीं एकरावार वर्गणी ठरविली. ज्याच्याजवळ पैसे नव्हते त्यानें तितके दिवस अंगमेहनत करावी असें ठरलें. जेथें तिवरें चांगलीं रुजलीं होतीं तेथें कोणी हात लावला नाहीं. त्यांना बाहेर ठेवून, वळसा घेऊन, आपल्याच खाचरांतून मागें नवा बांध घातला. त्यांत पाऊण एकर जमीन कायमची गेली. ती दोघांची होती. त्यांना बाकीच्यांनीं वर्गणी माफ केली. माती उपसण्याचें यंत्र तीन दिवस भाड्यानें आणलें, बाकीचें काम हातांनीं झालें. पहिल्या पावसापूर्वीं चार दिवस खांड बंद झाली. उघाडीची फळी कुजलेली होती, ती नवी केली.

पावसाळ्यांत बहुतेक जमीन पडीकच ठेवली. पाणी सांठवावयाचें, ओहोटीला सोडावयाचें, पुन्हां सांठवावयाचें, एवढेंच केलें. आमच्या खाचरांपैकीं वरच्या बाजूच्या अर्ध्या एकरांत, पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्रानें काढलेल्या मीठ सोसणाऱ्या भाताची लावणी उशिरानें करून पाहिली. बांधाकडच्या बाजूला पानांचीं टोंकें करपलीं आणि रोपें गेलीं. वरच्या भागांत लोंब्या भरल्या. हें पीक विकण्याजोगें नव्हतें. बाबांनीं तें बियाण्याला ठेवलें आहे आणि मातीचा नमुना तपासणीला पाठविला आहे. श्रावणाच्या उधाणाला बांध टिकला. उघाडीच्या बाजूनें मात्र थोडें झिरपतें, तें या उन्हाळ्यांत दुरुस्त करावयाचें आहे.

हॉलंडचे पैसे, हॉलंडची यंत्रें आणि शंभर वर्षांचा हिशेब आपल्याजवळ नाहीं. त्यांची नक्कल करूं असें म्हणणें फुकाचें होय. पण बांध दोन हातांचा फुटला असतां त्याच दिवशीं कोणी जावयाचें, वर्गणी कोणी किती द्यावयाची, उघाडीची फळी दर वर्षीं कोणी पाहावयाची, हें लिहून ठेवण्यास पैसे लागत नाहींत. आमच्या नऊजणांनीं आतां एक वही केली आहे. तींत अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांच्या तारखा आणि त्या त्या दिवशीं बांधावर फेरी घालणाऱ्याचें नांव लिहिलेलें असतें. परवां बाबांनीं फोनवर सांगितलें कीं ज्या तिघांना रस नव्हता त्यांपैकीं एकजण येऊन आपलें नांव त्या वहींत घालून गेला.